चार शंखांची बदली

माझी आत्या कर्मचारी वसाहतीत क्वार्टर वाटपाची कारकून. तीस वर्षं लोकांना घरं देते आणि शिव्या खाते. ज्याला घर मिळालं तो म्हणतो नळ गळतो, ज्याला नाही मिळालं तो म्हणतो वशिला चालतो. घरी आली की मात्र ती तडक खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर स्टूल ओढून बसते. टाकीत जिवंत प्रवाळ, एक आगाऊ पिवळा मासा आणि शंखात राहणारे चार इवले खेकडे. दगडांवरचं शेवाळ खात हिंडायचं, एवढंच खेकड्यांचं काम. आत्याने त्यांना आकाराप्रमाणे हुद्दे दिलेत: साहेब, हेडक्लार्क, टायपिस्ट आणि शिपाई. साहेब सुपारीएवढे, शिपाई हरभऱ्याएवढा.

परवा सकाळी काच पुसताना माझ्या कोपराने घोळ केला. वरचा दगड घसरला आणि नेमका शिपायाच्या शंखावर पडला. शंखाचे तुकडे! शिपाई जिवंत बाहेर आला, पण पुरता उघडा. या खेकड्यांचं मागचं अंग मऊ असतं, शंख नसेल तर कुणीही लचका तोडावा. पिवळा मासा लगेच घिरट्या घालायला लागला.

"आत्या! शिपाई बेघर झाला गं!"

ती अर्धी वेणी हातात धरून धावत आली. मी जाळी आडवी रोवून माशाला अडवलं आणि विचारलं, "रिकामे शंख कुठे ठेवलेस?"

आत्याचा चेहराच पडला. रिकामे शंख तिने मागच्या महिन्यात दुकानदाराला परत देऊन टाकले होते. क्वार्टर रिकामं दिसलं की भांडणं लागतात, हा तिचा ऑफिसातला अनुभव. तोच तिने टाकीला लावला. खेकडे वाढतात, त्यांना घर अपुरं पडतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. दुकान उघडायला अजून दोन तास होते. घरात शंख उरला होता एकच, आवळ्याएवढा. एवढ्या मोठ्यात कोण राहणार, म्हणून खिडकीत पडलेला.

"तो शिपायाच्या काय कामाचा? आत हरवेल तो!" मी रडकुंडीला आले.

आत्या एकदम ताठ झाली. "अगं, यादी खालून नाही हलत, वरून हलते! साहेबाला बंगला दे, खालचे आपोआप सरकतात. आधी उकळून स्वच्छ कर तो शंख!"

शंख उकळला, निववला, साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आमचा जीव टांगणीला. मग हळूच एक नांगी शंखात घालून त्यांनी आतबाहेर चाचपणी सुरू केली. "घे रे बाबा, किती तपासशील!" आत्या कळवळली. आणि सटकन साहेब जुन्या घरातून निघाले नि नव्यात शिरले! साहेबांच्या शंखात हेडक्लार्क. हेडक्लार्कच्या शंखात टायपिस्ट. आम्ही दोघी टाळ्या पिटत नुसत्या ओरडत होतो.

राहिला शिपाई. टायपिस्टचा रिकामा शंख त्याच्यापासून वीतभर अंतरावर आणि मध्ये पंपाच्या पाण्याचा झोत. तो निघाला, झोताने मागे ढकलला गेला, परत निघाला, परत ढकलला गेला. मासा जाळीला धडका देत होता. शेवटी आत्याने लांब चिमट्याने शंख उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला. "नियमात बसत नाही," ती म्हणाली, "पण बसवते."

शिपायाने शंखाला एक चक्कर मारली, पाठ वळवली आणि गपकन आत! बाहेर दिसत होते फक्त दोन डोळे.

तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसातले, म्हणजे खरे, साहेब होते. बाई अजून कशा आल्या नाहीत?

"आज रजा लिहा माझी," आत्या हसत म्हणाली. "सकाळपासून चार घरांचं वाटप केलं. चौघांना ताबा मिळाला आणि साहेब, तीस वर्षांत पहिल्यांदाच एकाचीही तक्रार नाही हो!"

आणि फोन कानाला तसाच धरून ती ढसाढसा रडायला लागली.