अम्मा नुसतं चालायला शिकली

माझी अम्मा चालायची ती डोक्यावर पाटी घेऊन. पाटीत सुके बोंबील, जवळा, कधी सोडे. पहाटेची नमाज झाली की डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि खाडीकाठच्या आमच्या गावातून वरच्या वाड्यांची चढण. दुपारी उतरायची तेव्हा पाटीत मासळीच्या बदल्यात मिळालेला तांदूळ असायचा, म्हणजे ओझं तेवढंच. चप्पल होती, पण चढणीला ती हातात घ्यायची. झिजते म्हणून.

अब्बा बहरीनला होते. सित्र्याला तेलाच्या पायपांवर पत्रे बसवायचं काम करायचे. दोन वर्षांनी एकदा दोन महिने यायचे, आणि मी त्यांना ओळखू लागले की परत जायचे. आम्ही तिघं एका घरात सलग दोन महिन्यांपेक्षा जास्त कधी राहिलोच नाही. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना ते कायमचे आले आणि पाऊस सरायच्या आत वारले. अम्मानं पाटी सोडली नाही. मी बी. कॉम. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, बढाई वाटली तर वाटू दे.

पुढे मलाही बहरीनलाच नोकरी लागली, सित्र्यातल्याच एका कंपनीच्या ऑफिसात. ड्रॉइंगं आणि पत्रं नीट नोंदवून ठेवायची, हे माझं काम. नोकरी लागली त्याच पावसाळ्यात अम्मा गावी ताप अंगावर काढत होती, आणि न्हाणीत पडली. शेजारणीला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. रात्रभर ती ओल्या फरशीवर होती. मला फोनवर म्हणाली, "काय नाय गो, जरा पाय घसरला." त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच होतं, अम्माला माझ्याजवळ आणायचं आणि परत पाठवायचं नाही.

ती आली, पण व्हिजिट व्हिसावर, आणि परतीचं तिकीट हातात घेऊन. तिकिटाशिवाय ती विमानात बसायलाच तयार नव्हती. रेसिडेंट व्हिसाचा फॉर्म मी भरून ठेवला होता. तिच्या सहीची जागा तेवढी रिकामी होती.

"सही कर की अम्मा."

"बघू."

उम्म अल हस्सम नावाच्या वस्तीत माझा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. मी ऑफिसातून यायची तेव्हा ती खिडकीशी बसलेली असायची. खाली माणसं जातात-येतात, ती बघायची. एकदा म्हणाली, "सकाळपासून बघते, हितं कोण कुणाला विचारीत नाय, कुठं चाललास म्हणून. मेलेली माणसं हायत काय ही?" आमच्या गावात पायरी उतरलात की तीन घरांतून विचारणा होते. उत्तर द्यावं लागतं. दळणाला, दवाखान्यात, बाजारात. उत्तर नसेल तर बाई घरात बसते. अम्मा घरात बसली होती.

आमच्या ऑफिसात एक म्हातारा इंग्रज साहेब आहे. थंडीचे दिवस आले की दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, तो चालायला जातो. व्यायामाचं चालणं नाही, हळू चालतो, थांबतो, भिंतीकडे बघतो, परत चालतो. सकाळी निघून दुपार करतो. मी एकदा विचारलं, कुठे जाता? तर म्हणाला, कुठेही नाही. लहानपणापासूनची सवय. त्याच्या गावाकडे लोक खिशात ब्रेड घालून दिवसभर शेतांतून चालतात, एखाद्या कुंपणावर बसून खातात, आणि परत घरी येतात. शहरात असले तर गल्ल्यांतून चालतात. मी घरी येऊन अम्माला सांगितलं.

"आणि गुरं? गुरं शोधायला जातात काय?"

"नाही गं. नुसतेच."

"त्यांच्या बायका काय बोलत नाय?"

"त्यासुद्धा जातात."

अम्मा बराच वेळ हसली. बहरीनला आल्यापासून पहिल्यांदा. मग मी म्हटलं, शुक्रवारी आपण जाऊ या साहेबाबरोबर. नाही म्हणायला तिला कारण सापडलं नाही, म्हणून ती आली.

दारातून निघताना तिनं खांद्याला कापडी पिशवी लावली. रिकामी. मी म्हटलं, बाजारात नाही जायचंय. तर म्हणाली, "माहीत हाय. पण रिकाम्या हातानं बाईमाणूस रस्त्यानं गेली तर लोक काय समजतील? पिशवी असली म्हंजे काम असतं." 

तो पहिला शुक्रवार फजितीचा. बुदैयाच्या बाजूला खजुराच्या बागांमधून एक कच्ची वाट जाते, साहेबानं तिथे नेलं. अम्मा पुढे. चालली ती अशी की मला धावावं लागलं. मान ताठ, नजर समोर, पावलं सपाट. डोक्यावर पाटी नव्हती तरी मान हलत नव्हती. वाट संपली तिथे एका दगडावर जाऊन बसली. आम्ही अर्ध्या तासानं पोचलो, कारण साहेब प्रत्येक पाण्याच्या पाटापाशी थांबत होता.

"झालं?" अम्मानं विचारलं. "कुठं पोचायचं होतं?"

मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, तिला सांग, आपण पोचलोच होतो, ती पुढे निघून गेली.

अम्मानं ते ऐकून घेतलं आणि मला आपल्या भाषेत म्हणाली, "हा म्हातारा वाट चुकलाय आणि कबूल करत नाय."

दुसऱ्या शुक्रवारी तिनं पिशवीत भाकऱ्या आणि सुकटीची चटणी भरली. साहेब आपला ब्रेड काढतो न काढतो तोच तिनं त्याच्या हातावर भाकरी ठेवली. बिचाऱ्यानं खाल्ली. डोळ्यांतून पाणी, नाक लाल, तरी चावतोय. "पुरे म्हण त्याला," अम्मा म्हणाली, "मरल हितंच." पण त्यानं अजून मागितली. तेव्हापासून तो 'म्हातारा' राहिला नाही, 'आपला साहेब' झाला.

खाता खाता तो त्याच्या गावच्या वाटांचं सांगायचा, मी मराठीत करायची. तिकडे वाट दुसऱ्याच्या शेतातूनही जाते. मालकानं शेत नांगरलं तरी वाट सोडावी लागते, कुंपण घातलं तर लाकडी पायरी ठेवावी लागते, कारण लोक पूर्वीपासून तिथून चालत आलेत.

अम्मा चटकन म्हणाली, "म्हंजे वहिवाट."

मला इंग्रजीत सांगायला वेळ लागला. अम्माला नाही. आमच्या वरच्या वाडीला एकानं मासळीवाल्यांची वाट काटे टाकून अडवली होती, तेव्हा पाटी खाली ठेवून ती त्याच्याशी कशी भांडली ते तिनं उभं राहून करून दाखवलं. "माझ्या सासूची सासू हितून गेली, तुझा बा तेव्हा रांगत होता!" असा हात. साहेबाला एक शब्द कळला नाही, पण त्यानं टाळ्या वाजवल्या.

मग अम्माची चाल हळूहळू मंदावली. चौथ्या का पाचव्या शुक्रवारी एका गल्लीत ती स्वतःहून थांबली. कुणाच्या तरी भिंतीवर शेवग्याचं झाड वाकलं होतं. शेंगा लोंबत होत्या. ती नुसती बघत राहिली. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, "थांब गो, घाई काय हाय?" माझ्या आईच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. साहेबाला मी ते भाषांतर करून सांगितलं नाही. ते माझ्यापुरतं ठेवलं.

त्याच दिवशी परतताना तिनं विचारलं, साहेबाच्या घरी कोण आहे? मी सांगितलं, कुणी नाही, बायको वारली, आधी ती दोघं मिळून चालायची. अम्मा पुढे गेली, त्याच्या बरोबरीनं चालू लागली. दोघांची भाषा एक नव्हती. मोठ्या रस्त्यापर्यंत दोघं तशीच गेली.

तिच्या तिकिटाची तारीख जवळ येत होती. फॉर्म फ्रिजवर होता. मी विषय काढला की ती भांडी घासायला लागायची. मी शेवटी चिडले. म्हटलं, "परत न्हाणीत पडलीस तर कोण बघणार आहे तुला?" ती म्हणाली, "आणि हितं पडली तर? तू ऑफिसात. हितं तर शेजारीण पण नाय." तिचं खरं होतं. 

तिच्या शेवटच्या शुक्रवारी तिनंच सांगितलं, सित्र्याजवळच्या मआमीरला जायचं. अब्बा राहायचे तो कामगारांचा कॅम्प तिथे होता. माझ्याकडून पत्रावर पत्ता लिहून घेता घेता तेवढं एक नाव तिला पाठ होतं. साहेबानं गाडी गावाच्या तोंडाशी लावली आणि आम्ही चालत निघालो. हवेत तेलाचा वास, गल्ल्या अरुंद, एका बाजूला कारखान्यांच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला साधी घरं. कॅम्पची जागा काही मिळाली नाही. दोघातिघांना विचारलं. कुणी इकडे बोट केलं, कुणी तिकडे.

एका दारात काळ्या अबायातली म्हातारी बसली होती. अम्माकडे बघून तिनं अरबीत काहीतरी विचारलं. हाताचा पंजा पुढे-मागे केला. कुठे चाललीस, दुसरं काय असणार? मी उत्तराची जुळवाजुळव करते आहे, तोवर अम्मा आपल्या बोलीत सांगून मोकळी झाली. "माझा मालक हितं राहायचा. वीस वर्सं. ती जागा बघायला आली." म्हातारीनं मान हलवली, तिला सरकून जागा केली, आणि आतून कावा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर मागवले. दोघी बसल्या. एकीनं अरबीत सांगायचं, दुसरीनं मराठीत, आणि मध्ये दोघींनी मिळून "इंशाल्ला" म्हणायचं. साहेब आणि मी समोरच्या कट्ट्यावर ताटकळत.

परत गाडीकडे येताना अम्मानं विचारलं, "ते हितून चालत जायचे कामावर?"

"नाही. कंपनीची बस. पहाटे बस कॅम्पवर, संध्याकाळी परत कॅम्पवर."

"आणि जुम्म्याला?"

"शुक्रवारी कपडे धुवायचे. झोपायचे. अब्बाच सांगायचे ना."

 अम्मा म्हणाली, "मग त्यांनी ह्यातलं काही बघितलंच नाय. त्या बागा, ती शेवग्याची शेंग, काही नाय. एवढी वर्सं राहून." गल्लीच्या टोकाला तिनं वळून त्या म्हातारीच्या दाराकडे पाहिलं. डोळे पुसले नाहीत. नुसती उभी राहिली. साहेबही थांबला. मीही. त्या दिवशी कुणालाच कुठे पोचायचं नव्हतं.

गाडीत साहेब म्हणाला, पुढच्या शुक्रवारी मुहर्रकच्या जुन्या गल्ल्या. सवयीनं म्हणाला. अम्माचं विमान गुरुवारचं आहे हे तो विसरला होता. मी सांगितलं नाही, भाषांतरही टाळलं. पण 'मुहर्रक' आणि 'फ्रायडे' एवढं आता अम्माला कळत होतं.

घरी आल्यावर तिनं चहा टाकला. मला म्हणाली, "आपला साहेब जुम्म्याला मुहर्रक म्हणाला ना?"

"हो."

"मग मी गुरवारी कशी जाऊ?"

  मी फ्रिजवरून फॉर्म काढला आणि पेन दिलं. सही करायला ती माझ्याकडूनच शिकली होती, मी सातवीत असताना. चार अक्षरं, एकेक करून, जीभ दाताखाली धरून लिहिली.

गुरुवारचं विमान गेलं. शुक्रवारी आम्ही मुहर्रकला गेलो. दोन महिन्यांनी अम्माचं रेसिडेंट कार्ड आलं. अम्मा आता माझ्याकडे राहते, उम्म अल हस्सममध्ये, चौथ्या मजल्यावर.