फ्युझिफॉर्म बुट्टी

"गोल नको म्हटलं, तर शंकरपाळी केलीत. मला फ्युझिफॉर्म बुट्टी हवी," असं म्हणून मॅडमनी माझा दुसरा नमुनाही बाजूला सारला.

मी भिवंडीत जॉबर होतो. लूम, म्हणजे यंत्रमाग, बिघडला की नीट करायचा, हे जॉबरचं काम. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. आमचा मालक अन्वरशेठ, त्याच्या मागे लागून मीच डॉबी घ्यायला लावली होती. डॉबी लूमवर बसते. तिच्या लाकडी पट्ट्यांत खुंट्या मारायच्या. खुंटीप्रमाणे धागे उचलतात आणि कापडावर बुट्टी, म्हणजे छोटी नक्षी, उठते. पण ऑर्डरच नव्हती. मुंबईच्या या मॅडम पहिलं गिऱ्हाईक.

शेठ कानाशी आला. "आज पास नाय झाला, तर डॉबी भंगारात आनि तू तुझ्या शेलार गावाला भात लावायला."

"पण शेठ, त्या शब्दाचा अर्थ काय?"

"मेरेकू क्या मालूम? मी येस बोललोय."

हा आमच्या बाजाराचा रोग. गिऱ्हाईक काहीही मागो, आधी येस. मग विचारायची लाज. मी चौथी शिकलेला, मीही मान डोलावली होती.

माझी बायको यमुना तिथेच कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. मशीन बंद करून ती सरळ मॅडमपुढे आली. "बाई, ते दिसतं कशासारखं? या दोघांना कळलं न्हाय."

शेठने कपाळावर हात मारला. मॅडम हसल्या. "सुताने भरलेल्या चरख्याच्या चातीसारखं. मध्ये जाड, दोन्ही टोकं निमुळती. लॅटिनमध्ये चातीला फ्यूसस म्हणतात, त्यावरून आलाय शब्द. माशाच्या अंगालाही लावतात."

"म्हंजे बांगडा!" यमुना म्हणाली. "मंग सकालपासून तसं बोला ना!"

मॅडम हसता हसता बाकड्यावर बसल्या.

मी खुंट्या बदलल्या. टोकाला दोन धागे, मग चार, मग सहा, परत उतरत दोन. लूम खडखडला आणि कापडावर बांगड्यांची रांग पोहत वर आली. मॅडमनी बोट फिरवलं. "हेच!"

शेठने सगळ्या खात्याला फालुदा पाजला. डॉबी राहिली. वर्षभरात शेजारी दुसरी आली. बाजारात त्या कापडाला बांगडा बुट्टीच म्हणायचे.

घरी जाताना यमुना माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "तुमीपन फ्युझिफॉर्मच हाय." शेवटपर्यंत तेच चिडवायची. यंदा ती गेली. पोट तसंच आहे.

नव्या जॉबरना एवढंच सांगतो. कळलं नाही तर विचारा. लाज वाटली तर बायकोला पुढे करा. ती आहे तोवर.