शिरवाळ्यांचा पांढरा रस

शेजारी कुणाचं दूध उतू गेलं की तो करपट वास खिडकीतून आत येतो आणि माझ्या छातीत अजून धडधडू लागतं. लोकांना वाघाची भीती वाटते, भुताची वाटते, मला दुधाची. स्वतःसाठी नव्हे, मी घागरीनं पिऊन पचवलंय. धाकट्या बहिणीसाठी. तिला दूध बाधायचं. लहानपणी चमचाभर पंचामृतानं तिचे ओठ पावासारखे फुगले होते आणि श्वास शिटीसारखा वाजू लागला होता. तेव्हापासून तोंडवलीच्या आमच्या घरात कोरा चहा नि नारळाचा रस, एवढ्यावरच गोकुळ नांदलं.

साठ साल उजाडायचं होतं, तेव्हा तिचं लग्न आरोंद्याला ठरलं. "खोड आसा म्हणान कळला तर लगीन मोडतला," म्हणत आईनं सासरी काही कळू दिलं नाही आणि मला पाठराखीण म्हणून धाडलं. पहिले काही दिवस नवरीला सोबत करायची, ही रीत. तिच्या वाटणीचं दूध गुपचूप पिऊन टाकायचं, हे माझं खरं काम. तीन दिवसांत मी इतकं दूध रिचवलं, की गोठ्यातली म्हैस मला पाहून तोंड फिरवू लागली.

चौथ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी शिरवाळे केले. तांदळाच्या शेवया आणि वर नारळाचा गोड रस; आम्हाला याहून निर्धास्त जेवण कुठलं? रसाला गुळाचा तांबूस रंग नव्हता, पण कौतुकानं साखर घातली असेल, असं आम्ही दोघी समजलो. तिनं घास घेतला आणि सासूबाई म्हणाल्या, "नारळाचो रस रोजचोच. नव्या सुनेखातर म्हशीचा दूध घातलंय. पोटभर खा गो."

"थुक आधी," मी म्हटलं, पण अर्धा घास उतरला होता. ओठ सुजले, श्वास वाजू लागला. डॉक्टर खाडीपलीकडे, ओहोटी लागलेली, होडी चिखलात रुतलेली. एरवी गोष्ट सांगताना मी एका बांगड्याचे दहा करते. त्या दुपारीत मात्र काहीच वाढवावं लागत नाही. तिला भिंतीशी टेकवून, तिचा हात धरून मी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं.

उन्हं कलताना तिचा श्वास मोकळा झाला. सासूबाई म्हणाल्या, "सांगूक लाज वाटली तुमका? आणि माझ्या घरात चेडवाचा मयत झाला असता तर?"

 

दुसऱ्या दिवशी सासूबाई विहिरीवर गेल्या आणि आम्ही ओठांआड दडवलेली खोड त्यांनी वाडीभर ओरडून सांगितली. "आमच्या सुनेक दूध चलना नाय. ताक नको, तूप नको. कोणी घातलान तर गाठ माझ्याशी." पुढे लग्न असो की बारसं, पंगत बसली की त्यांची ही हाक आधी फिरायची, मग वाढपी.

त्या जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. आता त्या वाडीतली कालची पोरंसुद्धा वाढताना "आजयेक दूध नको हां" म्हणतात. हाक कुणाची, हे त्यांना ठाऊक नसतं. बहीण हसते, खुशाल जेवते. मी मात्र तिच्या शेजारी बसते, आणि ती हाक कानावर पडेपर्यंत तिच्या ताटावरचा हात काढत नाही.