वाटणीत राहून गेलेलं वायफाय

माझ्या थोरल्या जाऊबाईंची मुलगी फौजेत भरती झाली आणि तिच्या कसम परेडचा, म्हणजे शपथ घ्यायच्या परेडचा, दिवस ठरला. दीर आणि जाऊबाई परेडला गेले, नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, आणि वडूजजवळच्या आमच्या वस्तीवर सासऱ्यांना परेड दाखवायचं काम माझ्याकडे आलं. सासरे, म्हणजे आबा, स्वतः हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरातल्या पोरीबाळींत वर्दी घालणारी ही पहिलीच. पण आबांना आता प्रवास झेपत नाही आणि दोन्ही डोळे अधू झालेत. मोबाईलवरचं काही दिसत नाही. मोठ्या टीव्हीसमोर हातभर अंतरावर खुर्ची टाकली तरच दिसतं.

मी सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगितलं होतं, "त्यात काय, लॅपटॉपचं चित्र टीव्हीवर टाकायचं. वायरसुद्धा लागत नाही." लागत नाही म्हणून वायर आणली नाही. ती सांगलीत, वर्गातल्या प्रोजेक्टरला लटकत राहिली.

सकाळी आबा आंघोळ करून, कोटावर पदकं लावून खुर्चीत बसले. परेडची लिंक फक्त लॅपटॉपवर उघडत होती. माझ्या मोबाईलच्या नेटवर ती चालू केली. बँडवाले मैदानात जमायला लागले होते. मग लॅपटॉपला म्हटलं, टीव्ही शोध. त्याने बराच वेळ चक्र फिरवलं आणि एकही टीव्ही सापडत नाही म्हणून हात वर केले. टीव्ही तर माझ्या नाकासमोर होता!

टीव्ही बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. रिमोटला विकत घेतल्या दिवसापासूनची प्लास्टिकची पिशवी तशीच, तिच्यावरून बटणं दाबून अंगठा दुखायला लागला.

"झालं का गं?" आबांनी विचारलं.

"झालंच, आबा."

"मगापास्नं नुसतं झालंच झालंच म्हणतीयास."

चिडून टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरले आणि कपाळावर हात मारून घेतला. दोघं एकाच वायफायवर असले तरच एकमेकांना दिसतात, हे मी दर वर्षी पोरांकडून घोकून घेते. लॅपटॉप होता माझ्या मोबाईलवर. आणि टीव्ही ज्या वायफायवर होता, त्याचं नाव होतं 'तात्या'.

तात्या म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. भिंतीपलीकडेच राहतात. वाटणीच्या वेळी बांधावरून बिनसलं ते बिनसलंच, दोघांत बोलणं नाही. त्या वाटणीत पितळेचे हंडे वाटले, म्हशी वाटल्या, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, घराच्या मधोमध भिंत आली. वायफायचा डबा तात्यांच्या बाजूला गेला. पण वाटणी झाल्याचं आमच्या टीव्हीला कुणी सांगितलंच नव्हतं. भावाचं नाव काढलं तरी आबांच्या कपाळाला आठ्या पडत, आणि रोज संध्याकाळी मोठ्या आवाजात ते ज्या बातम्या बघत, त्या भावाच्याच नेटवर! मला इतकं हसू आलं की ओढणी तोंडात कोंबावी लागली.

टीव्हीलाच माझ्या मोबाईलवर घेऊन बघितलं. पण मोबाईलला रेंज फक्त खिडकीत, आणि खिडकीतून टीव्हीपर्यंत काही धड पोचेना. चित्र आलं आणि तिथंच थिजलं. टीव्हीला परत तात्यांच्या वायफायवर धाडला. आता लॅपटॉपही तिकडेच न्यायला हवा होता, म्हणजे पासवर्ड हवा होता. आबांना सगळं सांगितलं.

"आपला टीव्ही त्येच्या नेटवर?" आबा खुर्चीत ताठ झाले. "न्हाई. त्येच्या दारात जायचं न्हाई. पोरगी न्हाई दिसली तर न्हाई दिसली."

असं म्हणाले खरे, पण हात पदकांवरून फिरत होता. मला भयंकर राग आला. पोरीने तिकडे एवढं रगडून घेतलं आणि इकडे आजोबा बांध धरून बसलेले.

"आबा, बांध तुमचा आहे. परेड पोरीची आहे," म्हटलं आणि लॅपटॉप उचलून निघाले.

तात्या पडवीत शेंगा फोडत होते. मला बघून शेंग हातातच राहिली.

"तात्या, पासवर्ड पाहिजे. परेड सुरू होतेय आणि टीव्ही तुमच्या वायफायवर आहे."

"मला ठावं हाय की," तात्या म्हणाले. "रोज सांजच्याला बातम्या येत्यात भित्तीतनं."

आणि त्यांनी एका दमात आकडे सांगितले. टाइप करता करता माझी बोटं थांबली. हे आकडे मी पाहिले होते. आमच्या माजघरातल्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलेले आहेत, लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. आबांचा फौजेतला नंबर.

"दुसरा कुठला नंबर पाठ हाय मला?" तात्या शेंगांकडे बघत म्हणाले. "त्यो सीमेवर असताना पत्रावरच्या पत्त्यात ह्योच घालत हुतो."

रडायलाही वेळ नव्हता. पळत घरी आले, लॅपटॉपला परत टीव्ही शोधायला लावला, आणि या खेपेला टीव्ही गुमान यादीत येऊन बसला. बटण दाबलं. मैदान, झेंडा, पोरींच्या रांगा, सगळं टीव्हीभर पसरलं. मी तर अक्षरशः टाळी वाजवली.

"आबा, दुसऱ्या रांगेत डावीकडे बघा!"

आबांनी काचेला बोट लावलं. "ही व्हय? ही आपली?" मग तिच्यावरची नजर न काढता विचारलं, "दिला का त्येनं पासवर्ड?"

"दिला. तुमचा फौजी नंबर आहे तो."

आबांनी काठी उचलली आणि भिंतीवर दणदण आपटली. "ए! तुझ्याच नेटवर चाललंय आन तूच बघंनास व्हय? ये की हिकडं!"

तात्या आले ते शेंगांची पाटी हातात घेऊनच. मी खुर्ची आणेपर्यंत शपथ सुरू झाली. आबा काठी टेकून उभे राहिले, दुसऱ्या हाताने कडक सॅल्यूट ठोकला. तात्या कधी फौजेत नव्हते, तेही पाटी खाली ठेवून शेजारी उभे राहिले आणि हळूच भावाच्या कोपराला आधार दिला. आबांनी कोपर काढून घेतलं नाही.

परेड संपल्यावर तात्या दारातून वळून म्हणाले, "सूनबाई, पासवर्ड बदलायचा म्हंजे काय करावं लागतं गं? आता समद्यास्नी कळला की."

मी तोंड उघडायच्या आत आबा टीव्हीकडे बघतच गरजले, "खबरदार बदललास तर!"