जावयाचा ब्राउझर आणि सिल्वियाचा हॉल

कंपनी जितकी लहान तितके किस्से जास्त, असं माझं अनुभवातून झालेलं मत आहे. मोठ्या कंपनीत घोटाळा झाला की त्याचा ईमेल होतो. आमच्याकडे त्याचा किस्सा होतो आणि चहाबरोबर रोज तिखटमीठ लावून वाढला जातो.

आमची ‘मोगरा क्रेट्स’ सातिवलीला. भाजीसाठी, केळ्यांसाठी प्लास्टिकचे क्रेट बनवतो. मालक जगदीशभाऊ मूळचे वाडीवाले, घरी अजून केळी आणि मोगरा आहे. अकाउंट्सला कुलकर्णीसाहेब, डिस्पॅचला इनासकाका, आणि बाकी जे उरेल ते माझ्याकडे. कॉम्प्युटर ‘बाकी’त येतो.

गेल्या वर्षी ‘बाकी’त एक लग्नही आलं. इनासकाकांच्या मुलीचं, सिल्वियाचं ठरलं. मुलगा जहाजावर, सुट्टी मोजकी, त्यामुळे जानेवारीतला एकच शनिवार जमत होता. त्यांना हव्या त्या हॉलचं बुकिंग फक्त वेबसाइटवर, तेही कॉम्प्युटरवरूनच व्हायचं, आणि सीझनच्या सगळ्या तारखा एकाच सकाळी दहाला उघडणार होत्या. काका म्हणाले, "पोरी, जेवण, बँड, फादर, सगळं मी बघतो. हॉल तुझ्यावर."

तेव्हापासून मला त्या सकाळची धास्ती होती, कारण आमच्या ऑफिसात त्याच सुमाराला पासवर्ड मॅनेजर आला होता.

*

त्याआधी कंपनीत सगळ्याला मिळून एकच पासवर्ड होता, भाऊंच्या जुन्या स्कूटरचा नंबर. मेल, बँक, कुरिअर, सगळीकडे तोच. एकदा कुणीतरी आमच्या मेलमध्ये शिरून गिऱ्हाइकांना भाऊंच्या नावानं पत्रं पाठवली, की आता आमचं खातं बदललंय.

नाशिकच्या एका व्यापाऱ्यानं लगेच फोन केला. "भाऊ, हे तुमचं नाही ना? यात ‘आदरणीय महोदय’ लिहिलंय."

म्हणून मी पासवर्ड मॅनेजर आणला. तो सगळे पासवर्ड बनवतो, लक्षात ठेवतो, जागच्या जागी भरतो. आपण एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा. अट एवढीच, की ब्राउझर चार लोक वापरतात तो हवा.

*

भाऊंचा ब्राउझर चार लोक वापरत नाहीत. मला वाटतं दोनच वापरतात, भाऊ आणि त्यांचे पुण्याचे जावई. जावयांनीच दिवाळीला येऊन तो टाकून दिला. जाहिराती येत नाहीत, पाळत ठेवत नाही, हलका आहे, असं बरंच सांगून गेले. आम्ही त्या ब्राउझरलाच ‘जावई’ म्हणायला लागलो, कारण त्याचं काही चुकलं तरी बोलायची सोय नव्हती.

मी पासवर्ड मॅनेजर जोडायला गेले, तर स्क्रीनवर आलं की हा ब्राउझर आमच्या ओळखीचा नाही.

भाऊ दुखावले. "ओळखीचा नाही म्हणजे? घरचा माणूस आहे."

मी म्हटलं, नेहमीचा ब्राउझर टाकू या. भाऊ म्हणाले, "जावईबापू होळीला येतील, तेव्हा मशीन बघतील. मी काय सांगू त्यांना?" झालं. विषय संपला.

*

कुलकर्णीसाहेबांचं तिसरंच. फुलपाड्याहून येतात, घरातून निघताना गॅस दोनदा बघतात, असा स्वभाव. त्यांनी कुठून तरी असा ब्राउझर शोधला, जो बंद केला की सगळं विसरतो. पासवर्ड मॅनेजर त्यात बसला, पण ब्राउझर बंद झाला की तोही कोरा. मग पुन्हा मुख्य पासवर्ड, पुन्हा ओटीपी. आणि साहेब चहाला उठले तरी ब्राउझर बंद करून उठतात!

ओटीपी जायचा भाऊंच्या मोबाइलवर. भाऊ दुपारी वाडीत, पंपाच्या आवाजात. मग साहेब फोनवर ओरडणार, "भाऊ, आकडा!" आणि भाऊ तिकडून त्याहून मोठ्यानं आकडा सांगणार. स्पीकर चालू. गोडाऊनमधला माणूस न् माणूस ऐकतोय. बाहेर टेम्पोवाल्यालासुद्धा आमचा ओटीपी पाठ.

फोन ठेवून साहेब मला म्हणाले, "कसं आहे, आपला डेटा कुणाच्या हाती पडता कामा नये."

मी कपाळाला हात लावला. हॉलच्या दिवशी असलं काही झालं तर शनिवार गेलाच, हे एवढंच डोक्यात येत होतं.

*

पासवर्ड मॅनेजरच्या कंपनीला मी रीतसर तक्रार केली. उत्तर आलं, कृपया मान्यताप्राप्त ब्राउझर वापरा. मी लिहिलं, शक्य नाही, हा ब्राउझर आमच्या मालकांच्या जावयांनी दिलाय.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "समजू शकतो. कृपया त्यांच्याशीच संपर्क साधावा."

घरी जूचंद्रला येऊन हे सगळं आईला सांगितलं. आई शांतपणे म्हणाली, "आपल्या घराला एकच कुलूप हाय, चावी शेजारी ठेवतो. तुमच्या तिथं सोनं हाय का? क्रेटच हायत ना?"

*

हॉलच्या सकाळी माझा कॉम्प्युटर अपडेटला बसला. त्याला दुसरा दिवस सापडला नाही. भाऊ समोर होते, पण ओटीपी येत नव्हता; कुलकर्णीसाहेब त्याची वाट बघत होते. उरला भाऊंचा जावई.

हॉलच्या साइटवर काकांचं खातं मी माझ्या मशीनवरून काढलेलं, त्याचा पासवर्ड मॅनेजरनं बनवलेला, वीतभर लांब. जावयात तो आपोआप येईना. शेवटी काकांनी माझा मोबाइल धरला आणि चष्मा कपाळावर चढवून वाचायला लागले. "डॉलर. मग छोटा क्यू. मग हे काय ते, छत्रीसारखं." दोनदा चुकलं. आणखी एकदा चुकलं असतं तर खातं लॉक. तिसऱ्यांदा लागला. काकांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

शनिवार अजून हिरवा होता. बाकीच्या तारखा डोळ्यांदेखत लाल होत होत्या. मी वधूचं नाव भरलं, वराचं भरलं, आणि खाली पत्त्यावर आले. तेवढ्यात जावयानं विचारलं, "उरलेली माहिती मी भरू?" मी नको म्हणायच्या आत भाऊंनी मागून हात घालून ‘हो’ दाबलं. "विचारतंय बिचारं."

मी डोळे मिटून कन्फर्म केलं. शनिवार आमचा झाला! पावती उघडली तेव्हा कळलं, की त्या ब्राउझरनं उरलेली माहिती तर भरलीच, पण वराचं नावही बदललं. त्याला आयुष्यात एकच नाव माहीत होतं. खाली बारीक अक्षरात होतं, नावात बदल होणार नाही.

मला रडूच आलं. काकांनी पावती लांब धरून वाचली. "तारीख बरोबर आहे ना? मग राहू दे."

*

चर्चमधला लग्नाचा मिस्सा छान झाला. संध्याकाळी हॉलवर पोचले, तर दारातच भलामोठा स्क्रीन, गुलाबांच्या चौकटीत झळकतोय: ‘सिल्विया वेड्स मोगरा क्रेट्स प्रायव्हेट लिमिटेड’.

मी मॅनेजरकडे धावले. तो म्हणाला, "मॅडम, नाव बुकिंगमधून येतं. बदलायचं तर पासवर्ड लागेल, आणि तो मालकांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे." हॉलचे मालक गोव्याला. पाहुणे थांबून थांबून फोटो काढत होते. नवरदेव सूट घालून त्या स्क्रीनखाली उभा होता आणि त्याची आई त्याच्याकडे आणि स्क्रीनकडे आळीपाळीनं बघत होती. इनासकाकांचं तोंड उतरलं होतं. इतके महिने हसण्यावारी नेणारा माणूस, पण व्याह्यांसमोर त्यांना मान वर करवत नव्हती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

तेवढ्यात भाऊ आले. मागे कुलकर्णीसाहेब आणि सगळी फॅक्टरी, इस्त्रीच्या कपड्यांत. भाऊंनी स्क्रीन एकदा वाचला, परत वाचला. मग नवरदेवाजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सगळ्यांना घेऊन मुलाकडच्यांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसले.

बसल्यावर पायावर पाय टाकला, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात इनासकाकांना हाक मारली.

"काय व्याही, मुलाकडच्यांना अजून कुणी पाणी विचारलं नाही."