जुन्या टेपा, नवा ड्राइव्ह आणि भाऊ

ड्राइव्हमध्ये टेप सरकवली की भाऊ यंत्रावर दोन बोटं वाजवायचे आणि म्हणायचे, "भरलं तं भरलं. आता निघते का पाह्य."

वर्ध्यातल्या एका दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघं होतो. रुग्णांचे रिपोर्ट टेपवर उतरवून ठेवायचे आणि ते परत काढता येतात ना, हे बघायचं, एवढंच आमचं काम. भाऊ तळेगावचे, वयाने मोठे, हुद्द्याने माझ्याच बरोबरीचे. पण डॉक्टर, नर्स, चहावाला, सगळ्यांना हवेत भाऊच. मी दारात उभा असलो तरी माझ्या खांद्यावरून आत डोकावून विचारणार, भाऊ नाहीत का? तुम्हीच सांगा, माणूस जळणार नाही तर काय करेल!

मग बॅकअपचं नवं सॉफ्टवेअर आलं आणि त्याने आमचा जुना ड्राइव्ह ओळखलाच नाही. भाऊंचं म्हणणं, जुन्या टेपा वाचायला जुना कॉम्प्युटर जुन्या सॉफ्टवेअरसकट तसाच ठेवावा. मी म्हटलं, नव्या सॉफ्टवेअरशी जुळेल आणि जुन्या टेपाही वाचेल असा ड्राइव्ह घेऊ. या वेळी तरी साहेबांनी माझं नाव घ्यावं, एवढीच माझी हाव होती. कंपन्यांना फोन करकरून मी तसा ड्राइव्ह शोधून काढला.

ड्राइव्ह आला. साहेब, डॉक्टर, सगळे जमले. मी टेबलाखाली वायरी जोडत होतो. वर भाऊंनी जुनी टेप घातली, बटण दाबलं, आणि कधीचा तरी एक रिपोर्ट पडद्यावर आला. "वा भाऊ!" साहेब म्हणाले. मी बाहेर निघेपर्यंत चहा वाटूनही झाला होता.

त्या दिवशी मी भाऊंशी बोललो नाही. दुपारी त्यांनी गुपचूप आपला डबा माझ्यापुढे सरकवला. वांग्याची भाजी इतकी झकास होती की तिचाही राग आला.

गेल्या महिन्यात भाऊ निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी माइक हातात घेतला, सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं आणि म्हणाले, "थो ड्राइव्ह यानं शोधला. मी तं नाईच म्हनत होतो. नाव माह्यं झालं, डोकं याचं होतं."

सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारची नर्स डोळे पुसत म्हणाली, किती मोठ्या मनाचा माणूस!

मीही रडत होतो, टाळ्या वाजवत होतो, आणि आतून नुसता जळत होतो.