बादली प्लास्टिकची होती

डेपोत त्याला सगळे 'मिलिमीटर' म्हणत. दोन ट्रकांच्या मधून तो बारा मीटरची बस अशी काढायचा, की बघणाऱ्यांनीच श्वास रोखून पोट आत ओढावं. सव्वीस वर्षं पर्यटकांना घाट दाखवत होता आणि गाडीवर कधी रेघ उमटली नव्हती. म्हणूनच गेल्या तीन महिन्यांत बसच्या डाव्या बाजूला पाच ओरखडे उमटले, तेव्हा ते त्याला स्वतःच्या अंगावर उमटल्यासारखे झोंबले.

गुन्हेगार त्याने केव्हाच ठरवून टाकला होता: गाड्या धुणारा. आज सकाळी सहावा ओरखडा दिसला आणि त्याचं डोकंच फिरलं. तुझ्या बादलीचं कडं घासतं, म्हणून त्याने त्याला चारचौघांत झापलं. धुणारा फडकं पिळत एवढंच म्हणाला, "दादा, बादली प्लास्टिकची आहे."

"मग जीभ लागली असेल तुझी. तीच काय ती धारदार आहे."

सगळे हसले. मिलिमीटर तसाच ऑफिसात गेला, हा माणूस उद्यापासून माझ्या गाडीजवळ दिसता कामा नये असं लिहून देऊन आला आणि एकतीस पर्यटक घेऊन निघाला.

चढ नेहमीसारखा गेला. गाईड मुलगी माईकवर शिखरांची उंची सांगत होती. खिंडीला दोन वळणं उरली असताना त्याच्या बाजूच्या खिडकीतून एक किडा आत आला आणि थेट उजव्या डोळ्यावर आदळला. डोळा गच्च मिटला. डावा उघडाच होता, त्यातून त्याने बघितलं.

रस्ता नव्हता.

कडेची झाडं होती, वर आभाळाची पट्टी होती. मधे, जिथे रस्ता असायला हवा तिथे, करडा डाग होता. ओल्या बोटाने पुसून टाकल्यासारखा. पाय ब्रेकवर गेला तो केवळ सवयीने. बस थांबली. पुढच्या सीटवरच्या गृहस्थांनी, एवढ्याशा किड्याला ड्रायव्हर घाबरला की काय, असं मोठ्याने विचारलं. त्याने डोळ्यावर पाणी मारलं. उजवा डोळा उघडला आणि रस्ता परत आला, काही झालंच नाही असा. पाणी आलं असेल डोळ्यात, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि बस खिंडीत नेऊन लावली.

पर्यटक फोटो काढायला उतरले. गाईड दाराशी उभी होती. त्याने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून तिच्याकडे बघितलं. कानातलं दिसलं, वेणी दिसली, गळ्यातलं ओळखपत्र दिसलं. चेहरा नव्हता. हात डाव्या डोळ्यावर नेला, तर हनुवटीवरचा तीळसुद्धा स्पष्ट. तिसऱ्यांदा त्याने हात झटकन बदलला, जणू डोळ्याची चोरी पकडायची होती.

"काका, काय करताय?"

"तुझं तोंड दिसत नाही मला."

ती हसली. तो हसला नाही, तशी तीही थांबली.

त्याला एकेक गोष्ट आठवू लागली. बायको महिनाभर सांगत होती, अहो, पाणी पेल्याच्या बाहेर ओतताय. पेला हलला, असं तो म्हणायचा. ओरखडे सगळे डावीकडचे. तीन महिन्यांत साठ फेऱ्या, फेरीला तीस माणसं, अठराशे. त्यातल्या एका फेरीत त्याची लेक आणि जावई पुढच्या सीटवर बसले होते.

त्याने मालकाला फोन लावून दुसरा ड्रायव्हर मागितला. मालकाने सगळं ऐकून घेतलं.

"काल याच डोळ्यांनी आणलीस ना गाडी खाली? तशीच आण."

"काल मला माहीत नव्हतं."

मालकाने बजावलं, की आज चावी सोडलीस तर पुन्हा तिला हात लावायला मिळेलच असं नाही. ते त्यालाही कळत होतं. त्याला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. फोन ठेवून तो थोडा वेळ स्टिअरिंग धरून बसला. मग चावी काढून गाईडच्या हातात दिली. "मी मागितली तरी देऊ नकोस."

पर्यटकांना त्याने स्वतःच माईकवरून सांगितलं. किड्यावरून बोललेले गृहस्थ उभे होते, ते हळूच खाली बसले.

तीन तासांनी दुसरा ड्रायव्हर आला. मिलिमीटर पहिल्यांदाच डावीकडच्या पुढच्या सीटवर बसला. उताराच्या प्रत्येक वळणाला त्याचा पाय पत्र्यावर दाबला जात होता. अकराव्या वळणावर कठड्याचे दगड जवळ आले आणि त्याने खिडकीची दांडी धरली. दगडांवर निळ्या रेघा होत्या. त्याच्या बसचा निळा. एक ताजी, बाकीच्या उन्हाने विटलेल्या. कठड्यापलीकडे काहीच नव्हतं. खाली, फार खाली, नदी दोऱ्यासारखी पडली होती. सगळे फोटो काढत होते. तो रेघा मोजत होता. सहा.

डेपोत उतरल्यावर तो आधी ऑफिसात गेला, सकाळचा कागद परत घेतला आणि धुणाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बादली प्लास्टिकचीच आहे तुझी."

"सकाळी तेच सांगत होतो, दादा. मग ओरखडे कोणी पाडले?"

"मी," तो म्हणाला.

धुणाऱ्याला वाटलं, दादा पुन्हा टोमणा मारतायत. मिलिमीटरने कागद फाडून त्याच्या हातात दिला, बादली उचलली आणि बसच्या डाव्या बाजूला ओली बोटं फिरवत एकेक ओरखडा चाचपत चालू लागला.